चित्रीकरणातील गर्दीच्या प्रसंगांसाठी लहान मुले : परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

गावची जत्रा, शाळेची प्रार्थना, लग्नाचा मांडव असे प्रसंग चित्रपटात किंवा मालिकेत असले की मोठ्या ज्युनिअर आर्टिस्टबरोबर, म्हणजे गर्दीत दिसणाऱ्या कलाकारांबरोबर, लहान मुलेही लागतात आणि ती बहुतेक वेळा समन्वयकाने केलेल्या फोनाफोनीतून जमवली जातात. मुलाला संवाद नाही, चेहराही धड दिसणार नाही, मग परवानगी कशाला, असे अनेक पालकांना वाटते. कायदा मात्र भूमिका केवढी आहे हे पाहत नाही. दृक्-श्राव्य निर्मितीत सहभागी होणाऱ्या चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाला एकच नियम लागू आहे, मग ते मूल मुख्य भूमिकेत असो वा मागच्या रांगेत उभे असो.

बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ यात २०१६ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट मनाई केली. या मनाईला दोनच अपवाद आहेत. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात केलेली मदत हा पहिला. जाहिरात, चित्रपट, मालिका यांत किंवा अशाच इतर मनोरंजन वा क्रीडा प्रकारांत (सर्कस मात्र वगळून) कलाकार म्हणून केलेले काम हा दुसरा, पण त्यामुळे मुलाच्या शालेय शिक्षणाला बाधा येता कामा नये. या दुसऱ्या अपवादाच्या अटी २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत दिलेल्या आहेत.

परवानगी पालकांनी नव्हे, निर्मात्याने घ्यायची असते आणि ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार आहे, तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून, ती मिळवावी लागते. मूल पुण्याचे आणि चित्रीकरण वाईला असेल, तर परवानगी सातारा जिल्ह्याची हवी. गोरेगावच्या चित्रनगरीत काम असेल, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची. एकाच मालिकेचे काही भाग दुसऱ्या जिल्ह्यात चित्रित होणार असतील, तर आधीच्या जिल्ह्याचे पत्र तेथे चालत नाही, ही गोष्ट घाईत हमखास निसटते.

अर्जासोबत निर्मात्याला नियमांतील ‘नमुना सी’ या ठरावीक अर्जनमुन्यातील हमीपत्र, सहभागी मुलांची यादी, आईवडिलांचे किंवा पालकांचे संमतीपत्र आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. हमीपत्राची मुदत सहा महिने असते. मुलांचे शिक्षण, वेळेवर पौष्टिक आहार, शारीरिक व मानसिक आरोग्य, स्वच्छ व सुरक्षित निवारा आणि अत्याचाराची तक्रार नोंदवण्याची व्यवस्था यांबाबत आपण काय करणार आहोत, हे त्यात स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, म्हणजे पंचवीस मुलांच्या प्रसंगाला अशा पाच व्यक्ती हव्यात. गर्दी जमवून आणणारा एकटा समन्वयक ही अट पूर्ण करू शकत नाही.

पालकांनी आपल्या बाजूने मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, छायाचित्रे आणि मुलाच्या नावाच्या बँक खात्याचा तपशील तयार ठेवावा. शाळेच्या दिवशी काम असेल, तर मुख्याध्यापकांना आधी लेखी कळवून त्याची पोच जवळ ठेवणे केव्हाही चांगले. संमतीपत्राच्या बाबतीत मात्र थोडे कडक राहावे, असे मला मनापासून वाटते. सेटच्या फाटकाशी गाडीच्या बॉनेटवर ठेवून ज्या कोऱ्या कागदावर सही घेतली जाते, त्याला संमती म्हणता येत नाही. निर्मितीसंस्थेचे नाव, चित्रीकरणाचे ठिकाण व तारखा, मुलाला नेमके काय करायचे आहे, मानधन किती आणि जबाबदार व्यक्ती कोण, एवढे त्यावर लिहिलेले असल्याखेरीज सही करू नये आणि सही केल्यावर त्याची प्रत मागून घ्यावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रतही त्याच वेळी पाहायला मागावी. ती दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर मुलाला न पाठवणेच योग्य. मुलाची स्वतःची इच्छा नसेल, तर नियमानुसार त्याला सहभागी करताच येत नाही, पालकांनी सही केलेली असली तरीही.

कामाची मर्यादा दिवसाला पाच तासांची आहे आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काळ मुलाला कामावर बोलावता येत नाही आणि या काळात शाळेचा अभ्यास खंडित होऊ नये, याची सोय निर्मात्याने करायची असते. गर्दीच्या प्रसंगात प्रत्यक्ष शॉट दहा मिनिटांचा असतो आणि पोशाख घालून बसून राहणे कित्येक तासांचे. म्हणून पालकांनी मूल सेटवर हजर झाल्यापासूनच वेळ मोजावी आणि तसे आधीच सांगून ठेवावे.

मुलाला मिळणाऱ्या उत्पन्नापैकी किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा करावी लागते आणि ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. सगळे मानधन पॅकअपनंतर रोखीने हातावर ठेवले, तर ही अट पाळली गेली नाही, असाच त्याचा अर्थ होतो. रक्कम लहान असते म्हणून पालक हा मुद्दा सोडून देतात, पण तो पैसा मुलाचा आहे.

परवानगीशिवाय मुलांना कामाला लावले, तर कलाकारांसाठीचा अपवाद लागू होत नाही. मग सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. सेटवर मुलाला त्रास होत असल्याचे दिसले, तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कोणीही कळवू शकते, त्यासाठी मुलाचे पालक असण्याची गरज नाही. बालमजुरीची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या पेन्सिल पोर्टलवरही नोंदवता येते.