थ्री-नॉट-थ्री ते ७.६२: नळी बदलून का भागत नाही?

पोलिसाच्या खांद्यावर लांब लाकडी रायफल दिसली की आपण तिला थ्री-नॉट-थ्री म्हणून मोकळे होतो. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. पण ती लाकडी रायफल दरवेळी थ्री-नॉट-थ्री असतेच असं नाही. मॅगझीनकडे नीट बघा. .३०३ चं मॅगझीन खालून तिरकं असतं. चौकोनी पेटीसारखं दिसलं तर ती पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याची २ए किंवा २ए१, म्हणजे ७.६२ मिमीची. जुन्या रायफलीची नळी बदलून ही केली, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. .३०३ इंच म्हणजे ७.७० मिमी. मग ७.६२ शी फरक जेमतेम ०.०८ मिमीचा, त्यात काय मोठंसं? पण नळीला आतून पीळदार खाचा असतात आणि ही मापं खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधली आहेत. गोळी खाचांत रुतते, म्हणून ती त्याहून जाड असते: .३०३ ची सुमारे ७.९२ मिमी, ७.६२ ची ७.८२. शिवाय .३०३ च्या पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती कडच चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाशी अडते. ७.६२ ला तशी कड नाही. ते काडतूस पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकतं. त्यामुळे नळी, पुंगळी ओढणारा आकडा, बोल्टचं (काडतुसामागे बसणाऱ्या दांड्याचं) डोकं, मॅगझीन असं सगळंच बदलावं लागतं. हे सगळं कारागिरीत बसतं. खरी अडचण दाबाची आहे.

.३०३ चा कमाल दाब ३६५ मेगापास्कल, ७.६२ चा ४१५. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन. पुंगळीचा आतला व्यास १० मिमी धरला तर बुडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी. गुणाकार करा: बोल्टवर मागे येणारा रेटा २.९ टनांवरून ३.३ टनांवर जातो.

हा रेटा अडवणारे खुंट माउझर रायफलीत बोल्टच्या पुढच्या टोकाला, चेंबरला लागून असतात. ली-एन्फिल्डमध्ये, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीत, ते मागे आहेत. त्यामुळे बोल्ट चटकन उघडमीट होतो, पण बार उडताना मधला सगळा दांडा दबतो आणि बाहेरची बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) ताणली जाते. समजा दांडा १०० मिमी लांब आणि १५० चौ. मिमी छेदाचा आहे. ३२,६०० भागिले १५० म्हणजे २१७ मेगापास्कल ताण. पोलादाचा यंगचा गुणांक (ताठरपणाचं माप) २,००,००० मेगापास्कल, म्हणजे दांडा ०.११ मिमी आखडेल. बॉडीचं ताणणं वेगळंच. पोलाद स्थितिस्थापक मर्यादेत असेल तर सगळं जागच्या जागी परत येतं. मर्यादा ओलांडली की खुंटांच्या बैठकी दर बाराला थोड्या मागे सरकतात आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट, वाढत जाते.

मग काय होतं? पितळी पुंगळी दाबाने फुगते, तिची पुढची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते आणि बूड मात्र मागे जातं. मधलं पितळ ताणलं जातं. बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं उमटतं, ती पहिली खूण. दुर्लक्ष केलं तर पुंगळी तिथेच तुटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

भिंतीची ही पकड बोल्टवरचा बराच भार उचलते. चेंबर तेलकट किंवा ओलं असलं की पकड जाते आणि पूर्ण रेटा बोल्टवर येतो. दसऱ्याला शस्त्रपूजा खुशाल करा, पण ‘शस्त्राला तेल-तूप भरपूर हवं’ म्हणत चेंबरमध्ये काही घालू नका. तिथे तेल म्हणजे श्रद्धा नव्हे, जादा भार.

१९६२ च्या युद्धात आपले जवान .३०३ घेऊन लढले. त्यानंतर इशापूरने ७.६२ चा मार्ग धरला, तोही जुन्या रायफली कापून नव्हे. रचना तीच ठेवून अधिक मजबूत पोलादाची बॉडी आणि बोल्ट नव्याने बनवले, मॅगझीन १२ गोळ्यांचं केलं. २ए च्या मागच्या दृष्टिपट्टीवर २००० मीटरपर्यंत खुणा होत्या; २ए१ मध्ये त्या ८०० वर आणल्या, हे शहाणपणाचं झालं. ब्रिटनने मात्र एल४२ स्नायपर रायफल जुन्या नंबर ४ (ली-एन्फिल्डचीच नंतरची आवृत्ती) वरूनच केली. पण त्या निवडक नगांच्या होत्या, आणि नंबर ४ ची बॉडी मुळातच भक्कम. तिच्या बोल्टची डोकी ० ते ३ अशा चार लांब्यांत मिळत. फट वाढली की पुढच्या नंबरचं डोकं बसवायचं.

दाब उतरवायचा असेल तर प्रकरण फारच सोपं होतं. इशापूरमध्येच जुन्या .३०३ रायफली .४१० इंची गुळगुळीत नळीच्या, एकेक बार काढणाऱ्या मस्केटी झाल्या, पहाऱ्यासाठी. त्यांची पुंगळीसुद्धा .३०३ चीच, फक्त मान न आवळलेली.