इंडोचायना : फ्रेंच वसाहत आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे धोरण

आजचे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया हे देश फ्रेंच अमलाखाली असताना त्या प्रदेशाला फ्रेंच इंडोचायना म्हणत. फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगाव घेतले, १८८७ मध्ये इंडोचायना संघ उभारला आणि १८९३ मध्ये लाओस त्याला जोडला. मीठ, दारू आणि अफू या तिन्हींचा मक्ता सरकारने आपल्याकडे ठेवला होता. मिठासारख्या रोजच्या जिनसेवरचा हा भार गरिबाला सर्वांत जास्त जाचत असे.

दुसऱ्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची या वसाहतीविषयीची भूमिका स्पष्ट होती. जानेवारी १९४४ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना लिहिले, की सुमारे शंभर वर्षे फ्रान्सच्या ताब्यात राहून तिथली जनता पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत आहे. हा प्रदेश फ्रान्सला परत न देता आंतरराष्ट्रीय विश्वस्तांकडे सोपवावा, असे त्यांचे मत होते. एप्रिल १९४५ मध्ये ते वारले. पुढच्याच महिन्यात हॅरी ट्रुमन यांच्या प्रशासनाने फ्रान्सला कळवले, की इंडोचायनावरील फ्रेंच सार्वभौमत्वाला अमेरिकेने कधीच हरकत घेतलेली नाही. रूझवेल्ट यांच्या पत्राशी हे विधान मुळीच जुळत नाही.

त्या उन्हाळ्यात अमेरिकी गुप्तचर खात्याची एक छोटी तुकडी उत्तर व्हिएतनामच्या जंगलात स्वातंत्र्य चळवळीचे कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांच्या लोकांना, महायुद्धात तो प्रदेश व्यापलेल्या जपान्यांविरुद्ध लढण्याचे शिक्षण देत होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा भाषणाची सुरुवातच अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातील वाक्याने केली. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी ट्रुमन यांना मदतीसाठी तार केली. तिला उत्तर आले नाही. या विषयातील सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट हीच म्हणावी लागेल. डिसेंबर १९४६ मध्ये फ्रान्सशी उघड युद्ध जुंपले.

चीनमध्ये १९४९ साली कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि युरोपात सोव्हिएत संघाविरुद्ध फ्रान्सची साथ अमेरिकेला हवी होती. वसाहतीचे युद्ध आता कम्युनिझमविरोधी युद्ध ठरले. मे १९५० पासून फ्रान्सला अमेरिकेची मदत सुरू झाली. १९५४ पर्यंत युद्धखर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार अमेरिका उचलत होती.

त्या युद्धाचा निकाल वायव्य व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या खोऱ्यात लागला. फ्रेंचांनी भोवतालच्या टेकड्यांवरील ठाण्यांना बेआत्रीस, गाब्रिएल, एलियान अशी बायकांची नावे दिली होती. शत्रू या डोंगरात तोफा चढवूच शकणार नाही, असा त्यांचा होरा होता. हो चि मिन्ह यांचे सेनापती जनरल व्हो ग्वेन झाप यांच्या माणसांनी सुट्या केलेल्या तोफा दोरखंडांनी ओढत वर नेल्या. तांदूळ आणि दारूगोळा सायकलींवरून आला: हँडलला बांबूची काठी बांधून वाढवलेली, दोनशे किलोंच्या आसपास ओझे लादलेली सायकल शेजारून पायी ढकलत न्यायची. १३ मार्च १९५४ च्या पहिल्याच रात्री बेआत्रीस पडले. फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरो यांनी दोन दिवसांत हातबॉम्बने आत्महत्या केली.

फ्रान्सने अमेरिकी बाँबफेकीची मागणी केली. ३ एप्रिलला अमेरिकी परराष्ट्रमंत्री डलेस यांनी काँग्रेसच्या नेत्यांना बोलावले. मित्रराष्ट्रे सोबत असल्याशिवाय युद्धात उतरायचे नाही, असे या नेत्यांनी बजावले. त्यांत सिनेटर लिंडन जॉन्सनही होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ७ एप्रिलला ओळीत एकामागून एक पडणाऱ्या डॉमिनोच्या सोंगट्यांचा प्रसिद्ध दाखला दिला खरा, पण ब्रिटनने नकार दिल्यावर हस्तक्षेप केला नाही. ७ मे रोजी तळ पडला आणि दहा हजारांहून अधिक सैनिक कैद झाले.

जुलैतील जिनिव्हा कराराने व्हिएतनाम सतराव्या अक्षांशाशी तात्पुरता विभागला; उत्तर भाग हो चि मिन्ह यांच्याकडे राहिला. देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड सदस्य होते. अमेरिकेने करारावर सही केली नाही. देश पुन्हा एक करण्यासाठी त्यात ठरलेल्या १९५६ च्या निवडणुका झाल्याच नाहीत. आयझेनहॉवर यांनी दक्षिणेत कम्युनिस्टविरोधी नेते न्गो दिन्ह झिएम यांना पाठबळ दिले आणि जॉन केनेडी यांच्या काळात अमेरिकी लष्करी सल्लागारांची संख्या सुमारे सोळा हजारांवर गेली. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते लिंडन जॉन्सन.