रिझर्व्ह गेला, काटा उरला: दुचाकीच्या टाकीतलं पेट्रोल मोजण्याची पार्श्वभूमी

नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरायला लागलं की काही गाड्यांचा पेट्रोलचा दिवा लागतो आणि खाली सपाटीला आल्यावर विझतो. मधल्या वेळात टाकीत कुणी पेट्रोल ओतलेलं नसतं. उतारावर पेट्रोल हँडलच्या बाजूला सरकतं, आणि ज्या गाडीचा फ्लोट, म्हणजे पातळी मोजणारा तरंगता तुकडा, टाकीच्या मागच्या अंगाला असतो तिथली पातळी तेवढ्यापुरती खाली जाते. मीटर तेवढंच सांगतं. २०२० नंतरची गाडी चालवणारा अशा वेळी घाबरून पंप शोधायला लागतो. त्याआधीच्या गाडीवर बसणारा दिव्याकडे फारसा बघतच नसे. त्याच्या डाव्या गुडघ्याजवळ कॉक, म्हणजे पेट्रोलचा हाताने फिरवायचा नळ, होता.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. बुलेट, जावा-येझदी, राजदूत यांच्या जुन्या गाड्यांना पेट्रोलचा काटा हा प्रकार नव्हता. झाकण उघडून आत बघायचं, गाडी दोन्ही पायांत धरून हलवायची आणि आतल्या डचमळण्यावरून अंदाज करायचा. फार तर स्वच्छ काडी बुडवून ओल कुठपर्यंत आली ते पाहायचं. स्कूटरला सीटखाली चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन जागांचा खटका असे. १९८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या फोरस्ट्रोक गाड्या आल्या, ॲव्हरेज दुपटीच्या जवळ गेलं आणि ‘टाकीत किती आहे’ यापेक्षा ‘टाकी किती दिवस जाते’ हा प्रश्न मोठा झाला. काटा घराघरात पोचला तो पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. तळाच्या मॉडेलांना तो तेव्हाही नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

अडत नव्हतं ते रिझर्व्हमुळे. पण या एका शब्दाने जितका घोळ घातला आहे तितका गाडीच्या दुसऱ्या कुठल्याच भागाच्या नावाने घातला नसेल.

रिझर्व्हची वेगळी टाकी नसते. कॉकमधून टाकीच्या आत दोन नळ्या उभ्या असतात, एक उंच, एक बुटकी. कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल उंच नळीच्या तोंडातून उतरतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो, कार्ब्युरेटरच्या (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या) वाटीत उरलेल्यावर गाडी थोडी पुढे जाते आणि मग इंजिन चुकायला लागतं. तेवढ्यात डावा हात खाली नेऊन कॉक फिरवला की बुटक्या नळीचं तोंड उघडतं. दोन तोंडांच्या उंचीत जेवढं पेट्रोल मावतं तो रिझर्व्ह. गाडीप्रमाणे एक-दीड लिटरपासून अडीच-तीन लिटरपर्यंत. यात वायर नाही, बॅटरी नाही, काटा नाही. नळीची लांबी कारखान्यात ठरली की ठरली, दहा वर्षांनीही तेवढीच.

म्हणजे टाकी बारा लिटरची आणि रिझर्व्ह दोन लिटरचा असेल तर एकूण चौदा होत नाहीत. बारा म्हणजे रिझर्व्ह धरून बारा. हा हिशेब चुकवून ‘दहा लिटर आधीच संपले कसे’ म्हणणारे लोक अजून भेटतात. त्यातही एक पोटभेद आहे. काही मॅन्युअलमध्ये रिझर्व्हचे दोन आकडे दिलेले असतात, वापरता येणारा आणि वापरता न येणारा. बुटकी नळीसुद्धा टाकीच्या तळाला टेकलेली नसते. तिच्या तोंडाखाली उरतं ते गाडीच्या उपयोगाचं नाही. शिवाय मोटरसायकलची टाकी खोगिरासारखी फ्रेमवर बसते, दोन बाजूंना दोन पिशव्या. कॉक बहुधा डावीकडे, तेव्हा उजव्या पिशवीतलं पेट्रोल मधल्या उंचवट्यापलीकडे अडकतं. रिझर्व्हही संपल्यावर गाडी डावीकडे चांगली आडवी करून पुन्हा उभी केली की दोन-चार किलोमीटर निघतात, ते याच अडकलेल्या पेट्रोलवर. स्कूटर आडवी करण्यामागेही हिशेब तोच, तळात उरलेलं नळीच्या तोंडाशी आणायचं.

कॉकमध्ये दोष नव्हते असं नाही. सर्वांत मोठा दोष माणसाचा: टाकी भरल्यावर कॉक पुन्हा ‘ऑन’वर आणायला विसरणं. मग पुढच्या वेळी इशारा मिळतच नाही, गाडी थेट कोरडी पडते आणि धक्का मारणं आलं. दुसरं, रिझर्व्ह कधीच न वापरणाऱ्यांच्या टाकीत गंज आणि पाणी बुटक्या नळीच्या उंचीला साचत राही, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी जाळीत अडके. म्हणून जुने मेकॅनिक महिन्यातून एकदा गाडी रिझर्व्हवर चालवायला सांगत. ‘रिझर्व्हवर चालवली की कचरा ओढते’ ही भीती मात्र उलटी आहे; कचरा साठू दिला म्हणूनच ती ओढते.

तिसरा घोळ झाकणाचा. टाकीच्या झाकणात हवा आत यायला बारीक छिद्र असतं. पावसाळ्यातला चिखल किंवा वॉशिंग सेंटरची माती बसून ते बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही आणि गाडी हुबेहूब रिझर्व्हला आल्यासारखी चुकते. रिझर्व्ह लावूनही फरक पडत नसेल तर आधी झाकण उघडून बघावं. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर दुखणं झाकणाचं.

आता काटा. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, त्याला पातळ तारेची दांडी. दांडी वर-खाली झाली की तिच्या टोकाचा पत्रा विजेच्या रोधाच्या पट्टीवर सरकतो आणि त्या रोधानुसार मीटरमधला काटा फिरतो. हे साधन पातळी मोजतं, लिटर मोजत नाही. टाकी वर रुंद, खाली निमुळती आणि मधून बोगद्याने कापलेली असल्यामुळे वरच्या एका सेंटिमीटरात जेवढं पेट्रोल असतं त्याच्या निम्मंही खालच्या सेंटिमीटरात नसतं. फुल टाकीवर काटा दीडशे किलोमीटर हलत नाही आणि अर्ध्यानंतर धाड्‌कन पडतो, तो या आकारामुळे. वर फ्लोट टाकीच्या छताला टेकलेला असतो, तेव्हा पहिले एक-दोन लिटर त्याला दिसतच नाहीत. खालीही दांडी तळाच्या थोडी वर अडते. त्याखालचं पेट्रोल काट्याच्या लेखी नाहीच.

२०२१ मध्ये पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली आणि या खालच्या आंधळ्या जागेने पंपावर भांडणं लावली. ‘शंभराचं टाका’ म्हणणाऱ्याला आता एक लिटरही मिळत नव्हतं. रिकाम्या टाकीत तेवढं पडलं तर फ्लोट जागचा उठत नाही, काटा ‘ई’वरच (रिकामी) राहतो आणि पंपवाल्याने मापात मारलं असा समज होतो. माप तपासायचं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागता येतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरचा फरक नियमात बसतो. गाडीचा काटा हा मापाचा पुरावा नव्हे. उलट तक्रारही असते: दहा लिटरच्या टाकीत साडेदहा लिटर मावलंच कसं? पुस्तकातला आकडा वाफेसाठी आणि पेट्रोल फुगण्यासाठी जागा सोडून दिलेला असतो. गळ्यापर्यंत भरलं तर जास्त जातं. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं, म्हणून एप्रिलच्या दुपारी काठोकाठ भरून गाडी उन्हात लावली तर ते झाकणातून बाहेर येतं.

कॉक की काटा याचा खरा निर्णय मात्र २०२० चा. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ हा नियम लागू झाला. कॉक काढा असं त्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. पण धुराच्या नव्या मर्यादेत बसवायला जवळपास सगळ्या गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा, आलं. त्याला सुमारे तीन बार दाबाचं पेट्रोल लागतं. तेवढा दाब देणारा पंप बहुतेक गाड्यांत टाकीच्या तळातच बसतो आणि सर्वांत खालून ओढतो. मग दोन नळ्यांना अर्थ राहिला नाही. गिअरलेस स्कूटरांनी व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या ओढीने) आपोआप चालणारा कॉक बसवून रिझर्व्ह वीस वर्षं आधीच सोडला होता. पण त्यांची टाकी पाच-सहा लिटरची आणि फिरणं गावातलं, म्हणून कुणी ओरड केली नाही. मोटरसायकलवर नाशिकहून लांब डोंगराळ पेठ-सुरगाण्याकडे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

कॉक गेला तरी शब्द राहिला. आज ‘रिझर्व्ह लागला’ म्हणजे दिवा लुकलुकायला लागला. फ्लोटच्या त्याच पट्टीवरून किंवा पेट्रोलात बुडालेल्या एका थर्मिस्टरवरून हा दिवा चालतो. थर्मिस्टर बुडालेला असेपर्यंत थंड राहतो, उघडा पडला की तापतो, त्याचा रोध उतरतो आणि दिवा पेटतो. पेट्रोल हिंदकळून दिवा उगाच लागू नये म्हणून त्याला मुद्दाम संथ ठेवलेलं असतं. जुना रिझर्व्ह गाडी अडवून सांगत असे, नवा फक्त सुचवतो. किंमतही बघा. कॉक दोन-तीनशे रुपयांत बदलून होत असे; पंपाचं अख्खं मोड्यूल काही हजारांत जातं. भोवतालचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, त्यामुळे गाडी वारंवार कोरडी पाडणाऱ्याचा पंप लवकर जातो. कोरडी पडलीच तर निदान एक लिटर घालावं, चावी तीन-चार वेळा चालू-बंद करून प्रत्येक वेळी पंपाची घरघर थांबू द्यावी आणि मगच बटन दाबावं.

नव्या मीटरवरचा ‘आणखी किती किलोमीटर’ हा आकडा याच गोंधळाचा धाकटा भाऊ. किती पेट्रोल जळलं हे इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून बऱ्यापैकी नेमकं कळतं. किती उरलं हे मात्र त्याच फ्लोटवरून. एक आकडा चोख, दुसरा ढोबळ, आणि त्यांचं गणित मीटरवर सुट्या किलोमीटरपर्यंत छापलेलं. घाट चढून इगतपुरीला पोचलं की तो आकडा पडतो, पुढे सपाटीला नाशिकपर्यंत पुन्हा वाढतो. दोन्ही वेळा टाकीबद्दल नवं काही कळलेलं नसतं.

त्यात पेट्रोलच बदललं. देशातलं सरासरी इथेनॉल मिश्रण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं. २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. दहावरून वीस टक्क्यांवर गेल्यावर कागदोपत्री साडेतीन टक्के फरक पडतो: पन्नासच्या ॲव्हरेजला पावणेदोन किलोमीटर, दहा लिटरच्या टाकीमागे सतरा-अठरा. नाशिकहून त्र्यंबकला एका बाजूने जायला लागतं त्याच्या निम्म्याहून जास्त. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी फार झालं तर ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि तळाला बसतं, म्हणजे नेमकं पंपाच्या तोंडाशी.

किती किलोमीटर उरले हा प्रश्न नाशिक शहरात दोनदा सगळ्यांनाच पडला. १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल मिळणं बंद झालं, आणि रोज थोडं थोडं टाकणाऱ्यांना दिवा लागलेला असताना परत फिरावं लागलं. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांच्या संपात मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. त्या रांगेत उभं राहायचं की नाही हे ज्याला दिव्यानंतरचे किलोमीटर ठाऊक होते त्यालाच ठरवता आलं.

ते काढायला एक टाकी पुरते. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, गळ्याखालच्या पट्टीपर्यंत भरा. साइड स्टँडवर भरली तर गाडी डावीकडे कलते आणि पातळी चुकते. ट्रिप मीटर (शून्य करता येणारा किलोमीटरचा आकडा) शून्य करा. दिवा सपाट रस्त्यावर लागला आणि टिकला की ट्रिपचा आकडा लिहा आणि त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. समजा ४१६ किलोमीटरवर दिवा टिकला आणि ८.३ लिटर बसलं. ॲव्हरेज ५०.१. पुस्तकात टाकी १० लिटर असेल तर दिव्यानंतर १.७ लिटर उरतं. पंपाच्या तळाला न ओढता येणारं म्हणून त्यातून अर्धा लिटर सोडा. राहिलं १.२ लिटर, म्हणजे साठ किलोमीटर. पेठ रस्त्यावरचा सावळघाट चढायचा असेल तर पंचेचाळीसच धरा. यापुढे काट्याऐवजी ट्रिप बघायची, ४०० दिसले की पंप.

काटा नुसता ढोबळ नसून बिघडलेलाच असेल तर शोधणं सोपं आहे. कायम ‘ई’ दाखवत असेल तर फ्लोटला चीर जाऊन तो पेट्रोलने भरलेला असू शकतो किंवा वायर तुटलेली. एकाच जागी येऊन उडत असेल तर पट्टी त्या जागी घासली किंवा काळी पडली आहे. काटेवाल्या मीटरला टाकीखालचं कपलर (वायरींचा जोड) काढून, चावी चालू ठेवून, मीटरकडे जाणाऱ्या फ्लोटच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. हे मोकळ्या हवेत, झाकण लावून करायचं. काटा एका टोकाला गेला आणि सोडल्यावर दुसऱ्या टोकाला आला तर मीटर ठीक, दोष टाकीतल्या युनिटचा. टाकी रिकामी करून ते युनिट काढा, मल्टिमीटर लावून दांडी बोटाने हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे, मध्ये तुटता कामा नये. बसवताना रबरी वॉशर नवाच घाला. जुना एकदा पेट्रोलने फुगला की पुन्हा खाचेत नीट बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी इंजिनावर थेंब दिसतो.