डीएनए मार्कर आणि कडधान्यांची जनुकीय विविधता

डीएनए मार्कर म्हणजे गुणसूत्रावरील ठरावीक जागचा असा तुकडा, जो पिकाच्या एका वाणात एका प्रकारचा तर दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारचा आढळतो. अशा अनेक तुकड्यांची तुलना केली की वाणावाणांत खरा फरक किती आणि कोणाचे कोणाशी नाते जवळचे, हे कळते. कडधान्ये आणि भुईमूग यांसारख्या शेंगावर्गीय पिकांत ही पद्धत १९९० नंतर रुळली. खानदेशात तिला विशेष महत्त्व आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत हरभऱ्याचे मोजके सुधारित वाण पेरले जातात, तर सातपुड्याच्या उतारांवर, धडगाव-अक्कलकुव्याकडे, घरचे बियाणे राखणारी शेती अजून टिकून आहे.

नुसत्या दिसण्यावरून विविधता मोजली तर फसगत होते, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे तूर. तुरीचा दाणा पांढरा, तांबडा, काळसर किंवा ठिपक्यांचा असतो. फुले पिवळी किंवा लाल रेघांची असतात. कोणता वाण चार महिन्यांत येतो, तर कोणाला आठ-नऊ महिने लागतात. एवढी विविधता डोळ्यांना दिसत असूनही लागवडीच्या तुरीत डीएनएच्या पातळीवर फरक थोडाच सापडतो. तिच्या रानटी भाऊबंदांत मात्र तो कितीतरी जास्त आहे. रंग किंवा कालावधी मोजक्या जनुकांनीही बदलतो. बाकीचे गुणसूत्र तसेच राहते. भुईमुगाचीही तीच गत. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएल-२४ हा वाण मलावीत ‘काकोमा’ या नावाने पोहोचला, इतका तो पसरला. पण एकच वाण अनेक ठिकाणी पैदाशीसाठी वापरला गेला की नव्या वाणांचा जनुकीय पाया अरुंद होतो.

मार्करचे प्रकार अनेक आहेत. १९९० साली आलेल्या आरएपीडी पद्धतीत प्रायमर, म्हणजे डीएनएच्या दहा अक्षरांचे (रासायनिक घटकांचे) छोटे तुकडे, वापरतात. ती स्वस्त आहे आणि पिकाची आधीची माहिती नसली तरी चालते. पण एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीत तसाच येईल याची खात्री नसते. त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून काढलेले निष्कर्ष जपूनच वाचावेत. एसएसआर मार्कर अधिक भरवशाचे. गुणसूत्रावर काही ठिकाणी ‘जीए’सारखी अक्षरजोडी पुन्हा पुन्हा येते. एका वाणात ती १२ वेळा आणि दुसऱ्यात १७ वेळा आली, तर दुसऱ्याचा तुकडा १० अक्षरांनी लांब होतो. पीसीआर या पद्धतीने या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून त्या जेलवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, सोडल्या की लांब तुकडा मागे रेंगाळतो आणि दोन वाणांचे पट्टे वेगवेगळ्या जागी उमटतात. संकरित झाडात दोन्ही पट्टे दिसतात. आरएपीडीत हा भेद सहसा कळत नाही. आता भर एका अक्षराच्या फरकावर, म्हणजे एसएनपीवर आहे. तुरीचा जनुकसंच, म्हणजे संपूर्ण डीएनएचा अक्षरक्रम, ‘आशा’ या वाणावरून २०१२ मध्ये, हरभऱ्याचा २०१३ मध्ये आणि मुगाचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये हरभऱ्याच्या ३,३६६ नमुन्यांचे जनुकसंच एकत्र मांडले गेले.

प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच काळजी शेतात नमुना घेताना लागते. पान कोवळे हवे. जून पानातील फिनॉल व शर्करांमुळे डीएनए तपकिरी आणि चिकट होतो. हरभरा, मूग, उडीद यांत स्वपरागण होते, म्हणून एकाच शुद्ध वाणाची झाडे बहुतांशी सारखी असतात. तुरीत मधमाश्यांमुळे बरेच परपरागण होते. कापसात तुरीच्या ओळी असतील आणि शेजारच्या शेतात दुसरा वाण, तर घरी राखलेल्या बियाण्यातही मिसळ येते. अशा वाणाचे एकच झाड तपासून काही कळत नाही. पुष्कळ झाडांची पाने स्वतंत्रपणे घ्यावी लागतात.

बहुतेक मार्कर गुणांविषयी मुके असतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला कोणता उडीद चांगला, हे जेलवर दिसत नाही. ते बियाणे राखणाऱ्या बाईलाच विचारावे लागते. वाणाचे स्थानिक नाव, पेरणीची वेळ आणि उपयोग पानाच्या नमुन्यासोबत लिहून घेतले नाहीत, तर नात्यांच्या आलेखावर नुसते क्रमांक उरतात आणि त्या गावाला त्याचा काही उपयोग होत नाही.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्यांना आपल्या वाणाची नोंदणी करता येते. वाणाचे वेगळेपण तेथे मुख्यतः झाडाच्या दृश्य लक्षणांवरून तपासतात. मार्करचा पुरावा त्याला जोड देऊ शकतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या नवापूरच्या तूरडाळीबाबत मात्र मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. मार्कर वाणाचा वंश सांगतो, शेताचा पत्ता नाही. तेथील पारंपरिक वाणांचे डीएनए-ठसे आधी नोंदवून ठेवले असतील, तर परक्या वाणाची भेसळ पकडता येईल. पण तोच वाण बाहेर पिकवून आणला असेल, तर निर्णय खरेदीच्या नोंदींवरच करावा लागेल.