सेल्फ रेझिंग फ्लोअर आलं कुठून?

इंग्रजी रेसिपी बघून केक करायला घेतला की पहिली अडचण येते ती सेल्फ रेझिंग फ्लोअरची, म्हणजे फुगवणारे घटक आधीच मिसळलेल्या मैद्याची. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या वाण्याकडे मैदा हमखास मिळतो, हे पीठ क्वचितच. ब्रिटनमध्ये मात्र ते घरोघरी असतं. त्याची सुरुवात झाली खलाशांच्या जेवणापासून.

लांबच्या सफरीवर ब्रिटिश खलाशी महिनोन् महिने दगडासारखी कडक बिस्किटं चावत. ब्रिस्टलचा बेकर हेन्री जोन्स याला त्यांना ताजी भाकर द्यायची होती. त्याने पिठातच खाण्याचा सोडा आणि टार्टारिक आम्ल कोरडं मिसळलं. कोरडं असेपर्यंत काही होत नाही. पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. यीस्ट जपायला नको, आंबायची वाट बघायला नको. १८४५ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण नौदलाने हे पीठ स्वीकारायला १८५५ उजाडलं, तेही क्रिमियन युद्ध पेटल्यावर. दहा वर्षं दारं ठोठावत राहिलेल्या या बेकरचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१८५६ मध्ये अमेरिकेत एबेन हॉर्सफर्डने आम्लासाठी कॅल्शियम फॉस्फेटचं पेटंट घेतलं. आजच्या बऱ्याच पिठांत तेच असतं.

आपल्याकडे पीठ फुगवण्याच्या वाटा वेगळ्या. ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक घरांत फुग्यांच्या (तळलेल्या गोल पावांच्या) पिठात ताडी घालायची जुनी रीत आहे. झटपट ढोकळ्यातलं इनो मात्र जोन्सच्याच वाटेवरचं: सोडा आणि सायट्रिक आम्ल.

पोषणाच्या बाबतीत गैरसमज नको. हा मैदाच आहे, १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, तंतुमय भाग थोडाच. फॉस्फेटमुळे कॅल्शियम वाढतं हे खरं, पण सोड्यामुळे सोडियमही वाढतं. मीठ घातलेल्या अमेरिकन पिठात १०० ग्रॅममागे सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, साध्या मैद्यात नगण्य. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हा आकडा लक्षात ठेवाच.

म्हणून घरी केलेलं बरं, मीठ आपल्या हातात राहतं. एक कप मैद्याला दीड छोटा चमचा (टीस्पून) बेकिंग पावडर, हवं तर पाव छोटा चमचा मीठ. दोनदा चाळून घ्या. स्पंज, मफिन, पॅनकेक, स्कोन्स यांना हे उत्तम. पावाला नको, तिथे यीस्ट आणि चिवट पीठच लागतं. अर्धी कणीक घातली तर तंतुमय भाग वाढतो, केक थोडा जड होतो, दूध जरा जास्त लागतं.

आपल्या पावसाळ्यात मात्र हे मिश्रण साठवू नका. हवेतल्या ओलीनेच सोडा आणि आम्ल आतल्या आत संपत जातात आणि केक बसतो. लागेल तेवढंच, त्याच दिवशी मिसळा.