वाऱ्याला समुद्रात कोणी धाडले?

2017 साली डेन्मार्कच्या लोलंड बेटाजवळ उथळ समुद्रातून अकरा पवनचक्क्या एकेक करून उतरवल्या गेल्या. विंडेबी हे त्या प्रकल्पाचे नाव. सगळ्या मिळून पाच मेगावॉटसुद्धा नाही. आपल्या साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर याच्या कितीतरी पट वीज तयार होते. तरी या अकरा चक्क्यांना मान होता, कारण 1991 मध्ये उभा राहिलेला हा जगातला पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प. पंचवीस वर्षांत त्याने साधारण 24 कोटी युनिट वीज दिली. आजच्या मोठ्या सागरी चक्क्या तीन-चार लावल्या तर तेवढी वीज वर्षभरात निघते.

'नेट झिरो'चा, म्हणजे हवेत जेवढे हरितगृह वायू सोडायचे तेवढेच शोषून घ्यायचे या उद्दिष्टाचा, विषय निघाला की डेन्मार्कचा दाखला हमखास दिला जातो. तोही अशा थाटात, की या लोकांना पहिल्यापासून हवामानाचीच काळजी होती. खरे तर सुरुवात झाली ती तेलाच्या भावापासून.

1973 च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल आखडते घेतले, तेव्हा डेन्मार्कची सुमारे 90 टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती. नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी आली. ओस पडलेल्या महामार्गांवरून माणसे पायी आणि सायकलवर हिंडली. सुखवस्तू देशाला असा हिसका बसला की तो विसरला जात नाही.

वाऱ्याची विद्या मात्र घरातलीच होती. 1891 मध्ये आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत पॉल ला कूर या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने पवनचक्कीवर वीज तयार केली. वारा पडल्यावर काय, हा प्रश्न त्यालाही पडला. मग त्याने त्या विजेने पाण्याचे पृथक्करण केले, हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागायच्या. हरित हायड्रोजनचा, म्हणजे वारा-उन्हाच्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनचा, आज जो गाजावाजा आहे, त्याच्या पणजोबांची ही गोष्ट. ला कूरच्या हाताखाली शिकलेल्या योहानेस यूल याने 1957 मध्ये गेसेर येथे तीन पात्यांची 200 किलोवॉटची चक्की उभारली. ती दहा वर्षे नीट चालली आणि स्वस्त तेलापुढे 1967 मध्ये बंद पडली.

तेल महागल्यावर सरकारचा आणि वीज कंपन्यांचा ओढा अणुऊर्जेकडे होता. कोपनहेगनसमोर, सामुद्रधुनीच्या पलीकडे वीसेक किलोमीटरवर, स्वीडनने बार्सेबेकची अणुभट्टी उभी केली होती. स्वच्छ दिवशी ती शहरातून दिसायची. लोकांना ते नको होते. 'अणुऊर्जा? नको, धन्यवाद' असे लिहिलेला हसऱ्या सूर्याचा बिल्ला 1975 मध्ये डेन्मार्कमध्येच तयार झाला आणि पुढे जगभर छातीवर मिरवला गेला. नुसता नकार देऊन मात्र लोक थांबले नाहीत. ख्रिश्चन रिसागर नावाचा सुतार मिळेल त्या सामानातून घरच्या घरी चक्की बनवून वीज तारेत सोडू लागला. त्विंद येथे शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी तीन वर्षे खपून 1978 मध्ये दोन मेगावॉटची अजस्र चक्की उभी केली. ती आजही फिरते. लेम गावातल्या लोहाराच्या भट्टीपासून वाढलेली, शेतीची अवजारे बनवणारी व्हेस्टास कंपनी याच सुमारास या धंद्यात उतरली. 1986 मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरीनच्या किनाऱ्यांवर भारतातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प आले, ते तिच्याच 55 किलोवॉटच्या चक्क्यांचे.

1985 च्या मार्चमध्ये डॅनिश संसदेने अणुऊर्जेवर फुली मारली आणि त्याच वर्षी वीज कंपन्यांच्या गळ्यात 100 मेगावॉट पवनऊर्जेचे काम घातले. पण जागा कुठे? गावोगाव हरकती: आवाज होतो, सावली फिरते, डोळ्यांना खुपते. गावकऱ्यांच्या स्वतःच्या सहकारी चक्क्या चालत; कंपनीची चक्की शेजारी नको. (मनुष्यस्वभाव, दुसरे काय!) समुद्राची वाट धरली गेली त्याला तिथला दमदार वारा जसा कारण होता, तसे जमिनीवरचे हे भांडणही होते. हा धडा कोपनहेगनने नीट घेतला. 2000 साली शहरासमोर मिडलग्रुंडेनच्या वीस चक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. सहकार म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

समुद्राने मात्र फुकट काही दिले नाही. 2002 मध्ये उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव्ह येथे 80 चक्क्या लागल्या, प्रत्येकी दोन मेगावॉटच्या. दोनच वर्षांत त्यांचे ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रे दगा देऊ लागली. शेवटी ऐंशीच्या ऐंशी चक्क्यांची डोकी उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावी लागली. जमिनीवरचे यंत्र नुसते नेऊन समुद्रात ठेवता येत नाही, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळले.

या धंद्यातली पुढची मोठी कंपनी मुळात तेल-वायूची. तेलटंचाईच्या तोंडावर, 1972 मध्ये स्थापन झालेली सरकारी 'डाँग' कोळशावरही भरपूर वीज करायची. जर्मनीतल्या तिच्या नियोजित कोळसा प्रकल्पाला स्थानिकांनी इतका विरोध केला की 2009 मध्ये तिने माघार घेतली आणि वाऱ्याकडे मोर्चा वळवला. 2017 मध्ये तेल-वायूचा धंदा विकून तिने विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणाऱ्या ओर्स्टेडचे नाव घेतले.

हवामानाचा कायदा या सगळ्यानंतर आला. 1990 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन 70 टक्क्यांनी कमी आणि 2050 पर्यंत नेट झिरो, असे बंधन डेन्मार्कने 2020 मध्ये स्वतःला घालून घेतले. उत्तर समुद्रातले तेल-वायू उत्पादन 2050 पर्यंत थांबवायचेही त्याच वर्षी ठरले. आज देशातली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे.

आणि तरीही किमतीच्या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. पोलाद महागले, व्याजदर चढले. सरकारने उत्तर समुद्रातल्या तीन गिगावॉट (तीन हजार मेगावॉट) पवनऊर्जेसाठी निविदा काढली, तीत अनुदान नव्हते. उलट कंपन्यांनीच सरकारला पैसे मोजायचे आणि 20 टक्के मालकीही द्यायची. 5 डिसेंबर 2024 ला मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. पुढच्याच वर्षी सरकार अनुदानाकडे परतले.