दम्याची गोळी आणि दहा गुंठे कोळसा

“किडन्या ठणठणीत आहेत, मग डायलिसिस कशाला?”

निफाडचा पारा उतरला की आमच्या नाशिकात दमेकऱ्यांच्या रात्री उशाला टेकून बसण्यात जातात. अशाच एका रात्री धाप थांबेना म्हणून शेजारच्या आजोबांनी गोळ्यांवर गोळ्या घेतल्या. पहाटे दवाखान्यात त्यांच्या सुनेने मला हे विचारलं.

गोळी थिओफिलिनची. कॅफिनचं हे सख्खं भावंड. आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८८ साली चहाच्या पानांतून ते वेगळं काढलं. रक्ताच्या लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम असेल तर श्वासनलिका सैलावतात. त्यापुढे उलट्या, धडधड, शेवटी आकडी. ते निकामी करायचं काम यकृताचं, पण मात्रा फार झाली की तिथली एन्झाइम्स अपुरी पडतात. म्हणजे यंत्र इथे किडनीच्या नव्हे, यकृताच्या मदतीला येतं.

सगळी विषं अशी गाळता येत नाहीत. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध स्नायूंत दडून बसतं, रक्तात फारसं सापडतच नाही. थिओफिलिन शरीरातल्या पाण्यात फिरतं, प्रथिनांना निम्म्याहून कमी चिकटतं, रेणूही लहान; म्हणून ते गाळता येतं.

गाळण्याची जुनी रीत मला विलक्षण आवडते: हिमोपर्फ्यूजन. शिरेतून काढलेलं रक्त सक्रिय कोळशाच्या नळकांड्यातून फिरवून परत शरीरात सोडायचं. हा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही होतो. तापत्या वाफेने तो आतून असा पोखरला जातो की एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! शंभर ग्रॅम धरले तर पंचवीस एकर, एवढी द्राक्षबाग आपल्याकडे किती जणांची असते? कोळशातले कार्बनचे थर चपटे, थिओफिलिनच्या रेणूतली कडीही चपटी. व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीने, ती तिथे चिकटून बसते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही चिकटू नयेत म्हणून कणांवर पातळ लेप असतो. जागा भरली की नळकांडं बदलायचं.

आता डायलिसिसचे पडदे सुधारलेत, त्यामुळे पहिली पसंती त्यालाच. एकदम घेतलेल्या मोठ्या मात्रेने पातळी लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेली, किंवा आकडी आली, तर डायलिसिस लांबवायचं नसतं.

कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध घेऊन इन्हेलर बंद करणारे पाहिले की मला काळजी वाटते. चांदण्याने श्वासनलिका उघडत नाहीत.

हे ऐकून सुनेने पिशवीतून आणखी एक पाकीट काढलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, चार दिवसांपासून सुरू. थिओफिलिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम हीच गोळी अडवते. पाकीट घेऊन आम्ही दोघं तडक डॉक्टरांकडे गेलो.